ट्रोलचे सातशे, पेटीचे सात हजार

"काल रात्री कोण मेलं गं तुमच्याकडे?"

काकू भिंतीपलीकडून विचारत होत्या. आमच्या दोन रो-हाउसांमधली भिंत बिल्डरनं पैसे वाचवायला कमरेएवढीच बांधली. त्याचे उपकार आम्ही दोघी रोज सकाळी फेडतो.

"कोणी नाही हो. म्हणजे, एक मांत्रिक गेला. पण तो तिसऱ्या लेव्हलचाच होता."

"तिसऱ्या लेव्हलचा म्हणून काय जीव नव्हता त्याला? केवढ्यानं ओरडलात! आमचे हे उठून बसले."

"मांत्रिकासाठी नव्हते ओरडत. लेव्हलवरून भांडण झालं. इतके महिने खेळतोय, अजून चौथी लेव्हल येत नाही म्हणून. एकाची बहीण पुण्यात खेळते. त्यांनी म्हणे पावसाळ्यात सुरुवात केली आणि दिवाळीला सगळे नवव्या लेव्हलवर."

काकूंना हा खेळ थोडाफार माहीत आहे. नातवाबरोबर 'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलंय त्यांनी. त्यातली पोरं तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकतात, तोच हा खेळ. एक जण डीएम होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि धाडस जमलं की फसलं ते फासा सांगतो. पात्र जगलं-वाचलं तर अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते. लेव्हल म्हणजे काय हे समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. काकू बँकेतून निवृत्त झाल्यात. बढती या विषयावर त्यांना मी काय सांगणार?

"म्हणजे बढतीचं भांडण म्हण ना सरळ!"

"तेच."

"मग आधी सांग, नियम लेखी आहे की साहेबाच्या मर्जीवर?"

इथून पुढे घरातल्या कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत.

"नियम लेखी आहे. आणि लिहिणारा कोण होता माहितीये? विम्यातला माणूस! गॅरी गायगॅक्स. शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर होता. १९७० मध्ये नोकरी गेली. मग विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी घरी बसून बूट दुरुस्त करायचा."

"अगंबाई! घरी खाणारी तोंडं?"

"बायको, पोरं, सगळं. आणि उरलेल्या वेळात लढायांचे खेळ. तिकडे मिनेसोटात डेव्ह आर्नसन नावाचा एक जण होता. त्यानं 'ब्लॅकमूर' नावाचं राज्य मनानं रचून मित्रांना त्यात खेळायला सोडलं होतं. दोघांनी मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढलं. खोक्यात तीन तपकिरी पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई हजार प्रतींची."

"मग दोघं भांडले असतील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन भागीदार आणि चालायला लागलेला धंदा. यात कळायचंय काय?"

१९७९ मध्ये आर्नसननं मानधनावरून खटला भरला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली, हे मी सांगून टाकलं. सांगितल्याशिवाय काकू पुढे जाऊ देणार नव्हत्या.

"तर विम्यातला माणूस म्हटल्यावर तक्ते आलेच. योद्ध्याला दुसरी लेव्हल गाठायला २,००० गुण. तिसरीला ४,०००. चौथीला ८,०००. मग सोळा, बत्तीस, चौसष्ट हजार. दर पायरीला दुप्पट. मांत्रिकाची सुरुवात २,५०० पासून, पुजाऱ्याची १,५०० पासून."

"पुजाऱ्याला स्वस्तात? सगळीकडे तेच."

"चोराला त्याहून स्वस्तात. तो पुढच्या वर्षी पुरवणीत आला. त्याला १,२०० पुरतात."

काकूंनी यावर फक्त भुवई उचलली. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईच्या भुवईत बरंच काही असतं.

"बरं, हे गुण मिळतात कशाचे? मारामारीचे?"

हा प्रश्न लोक विचारायचे विसरतात. सगळे विचारतात किती गुण, किती सेशन, किती महिने. गुण कशाचे, हे काकूंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं. आमच्या टेबलावर हे एकालाही सुचलं नव्हतं.

"त्या पहिल्या पुस्तिकेतच उदाहरण आहे. ट्रोल म्हणजे एक धिप्पाड राक्षस. त्याला मारलं तर ७०० गुण. आणि त्याच्याजवळची ७,००० सोन्याची नाणी घरी आणली तर ७,००० गुण."

काकू दोन क्षण थांबल्या. "म्हणजे ट्रोल झोपलेला असताना पेटी उचलायची आणि सुटायचं."

"बरोब्बर!"

"मग मारामारी करतो कोण?"

"मूर्ख. किंवा ज्याची चाहूल लागली तो."

या खेळाला लोक मारझोडीचा खेळ म्हणतात तेव्हा मला ही पेटी आठवते. १९७४ च्या नियमानं एका राक्षसाच्या जिवाला पेटीच्या दहाव्या हिश्श्याएवढी किंमत दिली होती. म्हणून त्या काळचे खेळाडू दाराला कान लावायचे, लाच द्यायचे, दोन राक्षसांत भांडण लावून मागच्या वाटेनं पसार व्हायचे. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले, आणि हळूहळू मारण्याचे गुण तेवढे ठळक राहिले. जिथे गुण, तिथे पाय वळणार. मग दिसेल त्याला कापत सुटतात म्हणून पोरांना कशाला नावं ठेवायची?

"आणि तो दुसरा? आर्नसन? त्याचं काय?"

"त्याचं आणखीच वेगळं. १९७७ मध्ये त्याच्या ब्लॅकमूरच्या टिपणांचं पुस्तक निघालं. त्यात सोनं नुसतं घरी आणून भागत नाही. पात्राला ज्याची हौस आहे, मग खाणंपिणं असो, धर्मकार्य असो, नाही तर एखादा छंद, त्यावर ते उधळलं तरच गुण मिळतात."

"हा माणूस बरा दिसतोय," काकू म्हणाल्या आणि उगाचच मागे वळून घराकडे बघितलं. काका मुदत ठेवींच्या बाबतीत फार कडक आहेत.

"पण उडवायचं म्हटलं तरी आधी मिळवायला लागतं," मी म्हटलं, "आणि तिथेच घोडं पेंड खातं. काही डीएम फार दिलदार. पहिल्याच गुहेत जादूची तलवार, दुसऱ्या गुहेत ड्रॅगनचा खजिना. दोन महिन्यांत पात्र तिसाव्या लेव्हलला."

"आयजीच्या जिवावर बायजी उदार."

"तिकडे अशा डीएमला माँटी हॉल म्हणायचे. टीव्हीवर बक्षिसं वाटणारा एक निवेदक होता त्या नावाचा. गायगॅक्सचा यावर फार राग. १९७६ मध्ये खेळ छापणाऱ्या आपल्या कंपनीच्या पत्रकात त्यानं लेख लिहून हिशेबच मांडला. वर्षात ५० ते ७५ खेळ खेळणारा बऱ्यापैकी खेळाडू जिवंत राहिला तर नवव्या ते अकराव्या लेव्हलला पोचावा. दुसऱ्या वर्षी फार तर दोन-तीन लेव्हल. विसावी गाठायला चार-पाच वर्षं. आणि वर टोला हाणला, की ब्लॅकमूर पाच वर्षं चाललंय, माझं ग्रेहॉक चार वर्षं, आणि आमच्या दोघांकडेही चौदाव्याच्या वर अजून कोणी गेलेला नाही."

"म्हणजे हेड ऑफिसात चौदावा, आणि शाखेत तिसावा!"

"त्याच वर्षी कंपनीनं आणखी एक उद्योग केला. जगभरच्या पुराणांतल्या देवांचं पुस्तक काढलं, प्रत्येक देवाला आकडे देऊन. ओडिन म्हणजे उत्तरेकडच्या देवांचा बाप, त्याला ३०० हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद. आपल्याकडचेही देव आहेत त्यात. टिम कास्क नावाच्या संपादकानं प्रस्तावनेत लिहिलं, की चाळीस-चाळीस लेव्हलच्या पात्रांचा वेडेपणा दाखवायचा हा आमचा शेवटचा प्रयत्न. देवाचा आकडा बघून तरी लाज वाटेल, असा हिशेब."

"वाटली?"

"कसली! बऱ्याच टेबलांवर ती शिकारीची यादी म्हणून वाचली गेली."

काकू इतक्या हसल्या की काका खिडकीत येऊन परत गेले.

पण खरी मजा पुढे होती. मी ती मुद्दाम काकूंसाठी राखून ठेवली होती.

"१९७९ मध्ये गायगॅक्सचं डीएमसाठीचं जाडजूड पुस्तक आलं, 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीचं. त्यात गुण भरले म्हणून लेव्हल मिळत नाही. गुण भरले की तुम्ही फक्त बढतीला पात्र होता. मग प्रशिक्षण घ्यायचं. आणि ते किती आठवडे, हे डीएम ठरवणार, तुमच्या कामावर शेरा मारून. शेरे चार. उत्कृष्ट, चांगला, बरा, वाईट. उत्कृष्टाला एक आठवडा, वाइटाला चार."

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "गोपनीय अहवाल!"

"शंभर टक्के."

"अगं, एकदा आमच्या साहेबानं माझ्या अहवालात लिहिलं होतं, 'कामात चोख, पण प्रश्न फार विचारते.' बढती दोन वर्षं लांबली. बरं, निकष काय होते यांचे?"

"लढाईत मागे राहणारा योद्धा वाईट. जखमी साथीदाराला बरं करायला नकार देणारा पुजारी वाईट. हातघाईत घुसणारा मांत्रिक वाईट. आणि चोर..."

"चोर कसा वाईट? चोरी करतो म्हणून?"

"संधी असून जास्तीचा माल उचलला नाही म्हणून! आणि समोरून छाती पुढे काढून लढला, तरी वाईट."

"वा! ज्याचं काम त्यानं करावं. हा निकष योग्य आहे." काकूंनी मान डोलावली. "फी किती?"

"आठवड्याला, तुमच्या लेव्हलच्या आकड्याला १,५०० नाण्यांनी गुणून."

"म्हणजे पहिल्या लेव्हलवाल्याला निदान दीड हजार."

"आता ऐका. त्या आवृत्तीत चोराला दुसऱ्या लेव्हलला गुण लागतात १,२५१. आणि गुण बहुतेक येतात नाण्यांतून, नाण्याला एक. म्हणजे बिचारा पात्र झाला तेव्हा त्याच्याकडे नाणी असणार साधारण साडेबाराशे..."

"आणि फी दीड हजार! तीही शेरा उत्कृष्ट असेल तर." काकूंनी कपाळावर हात मारला. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मग तो काय करतो?"

"आणखी चोरी. पण एकदा पात्र झाला की प्रशिक्षण होईस्तोवर पुढचे गुण मिळत नाहीत. म्हणजे ही जास्तीची चोरी फुकट."

"हा नियम करणारा माणूस खात्यातूनच आलेला," काकूंनी निकाल दिला. "नुसतं खेळ म्हणून कोणाला असं सुचत नाही."

पुढच्या पंचवीस वर्षांत बहुतेक टेबलांनी हा प्रशिक्षणाचा नियम गुपचूप गाळला असावा, असा माझा अंदाज आहे. मी स्वतः गाळलाय. पण गायगॅक्सची बाजूही मला कळते. त्याच्या टेबलावर एकाच राज्यात बरेच खेळाडू यायचे-जायचे, कोणी मंगळवारी, कोणी शनिवारी. पैसे आणि आठवडे खर्ची पाडले नाहीत, तर राज्यातलं सोनं आणि वेळ दोन्ही कोणालाही आवरता आले नसते. चार महिने बिळात घुसूनच काढले, गावात कधी गेलेच नाहीत, असं होऊ नये म्हणून हा अडसर होता.

काकूंना मात्र बढतीच्या इतर भानगडी हव्या होत्या, आणि त्या आवृत्तीत भानगडींना तोटा नाही. ड्रुइड म्हणजे रानातले पुजारी. बाराव्या लेव्हलचे ड्रुइड साऱ्या मुलखात नऊच. तेराव्याचे तीन. चौदाव्याचा एकच. गुण कितीही भरा, वरची जागा रिकामी नसेल तर त्या जागेवरच्याला आव्हान देऊन हरवायचं. हरलात तर तुमचीच लेव्हल खाली. मठवासी योद्ध्यांचंही तेच, नवव्या लेव्हलपासून पुढे प्रत्येक पायरीवर एकच माणूस, आणि सगळ्यात वर बसलेल्याला पदवी काय, तर 'फुलांचा महागुरू'.

"मुडदे पाडून फुलांचा गुरू," काकू म्हणाल्या. "आणि रिटायर कोणीच होत नाही?"

"मेल्याशिवाय नाही."

"बघ! तिथेच चुकतं."

१९७४ मध्ये एल्फ योद्ध्याला चौथ्या लेव्हलच्या पुढे बढतीच नव्हती आणि ड्वार्फला सहाव्याच्या, हे ऐकून त्या चिडल्या. शेकडो वर्षं जगणाऱ्याला चौथ्या पायरीवर बसवून ठेवायचं, ते का, तर माणसांना कोणी विचारेनासं होईल म्हणून. आणि व्हँपायरनं फटका मारला की दोन लेव्हल जातात, कमावलेले गुण पुसले जातात, हे कळल्यावर त्यांनी "पदावनती" एवढा एकच शब्द उच्चारला, तोही खालच्या आवाजात. जुने खेळाडू मरणाला भ्यायचे नाहीत, पण व्हँपायर म्हटलं की दार लावून घ्यायचे. मेलेलं पात्र परत उठवता यायचं. गेलेल्या लेव्हल मात्र पुन्हा एकेक नाणं करून कमवाव्या लागायच्या.

"पण हे झालं जुनं. आता कसं आहे? त्या पुण्याच्या मुलीचं दिवाळीत नऊ कसं झालं?"

"आता वेग वाढलाय. १९९७ मध्ये जुनी कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली. त्यात सगळ्यांना एकच तक्ता. योद्धा, चोर, पुजारी, सगळे सारखे. आणि हिशेब असा बसवला, की तोडीस तोड अशा १३-१४ चकमकी झाल्या की एक लेव्हल. नेमकं म्हणाल तर १३.३३."

"एका दिवसात किती चकमकी?"

"गोष्टीतल्या एका दिवसात साधारण चार."

काकू पुटपुटायला लागल्या. त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि लागतो असं कोणी सुचवलेलं आवडतही नाही. "पहिलीपासून विसावीपर्यंत एकोणीस बढत्या. एकोणीस गुणिले तेरा पूर्णांक एक तृतीयांश म्हणजे अडीचशेच्या वर तीन. भागिले चार. त्रेसष्ट दिवस."

"हो."

"म्हणजे संक्रांतीला शेतावरून निघालेला पोरगा गुढीपाडव्याच्या आत देवांशी बरोबरी करतो?"

"नियमाप्रमाणे चालला आणि वाटेत झोपा काढल्या नाहीत तर."

"आणि त्याच्या आईला काय वाटेल गं? परवा डबा देऊन पाठवला होता!"

जे मला आमच्या भांडणात सांगता आलं नव्हतं, ते काकूंनी डब्यावर आणून ठेवलं. लेव्हल लवकर आली की भरभर नवी जादू मिळते, नव्या शक्ती मिळतात, मजा येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पात्राला त्या शक्तीची सवय व्हायच्या आत ती जुनी होते. आमच्या टेबलावर तिसऱ्या लेव्हलला पोरं दहा फुटांच्या खड्ड्यापाशी अर्धा तास खल करतात. दोर कोणाकडे, आधी कोण उतरणार, वर कोण थांबणार. धर्मशाळेच्या मालकिणीचं नाव सगळ्यांना पाठ आहे, कारण तिच्याकडे उधारी आहे. अकराव्या लेव्हलला खड्ड्यावरून उडत जातील आणि धर्मशाळा विकत घेतील. तेही व्हावं, पण उधारी फिटल्यावर. तिसऱ्या आवृत्तीच्याच काही खेळाडूंनी पुढे सरळ ठरवलं, की सहाव्या लेव्हलला थांबायचं. त्यानंतर पात्र रुंदीत वाढेल, उंचीत नाही. त्यांचं मला पटतं.

"मग आधी हळू होतं तेच ठेवायचं होतं."

"काकू, गायगॅक्सचा हिशेब वर्षाला ५० ते ७५ खेळांचा होता. आमचं महिन्यातून दोनदा जमलं तरी देव पावला. लग्नसराई, ऑडिट, पोरांच्या परीक्षा. त्याच्या वेगानं गेलो तर त्याचं एक वर्ष आम्हाला..."

"अडीच-तीन वर्षं. आणि तोवर कोणाची बदली, कोणाचं बाळंतपण."

"म्हणून वेग वाढवला त्यांनी. लोकांचे ग्रुप वरच्या लेव्हलपर्यंत टिकतच नव्हते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर असं सुचवलंय, की पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, आणखी एका सेशननंतर तिसरी, मग दोन सेशननंतर चौथी, आणि पुढे दर दोन-तीन सेशनना एक."

"प्रोबेशन लवकर संपवतात, एवढंच. त्यात वाईट काय?"

वाईट काही नाही, हे मला मान्य करावं लागलं. पहिल्या लेव्हलचा मांत्रिक म्हणजे दिवसातून एक-दोन मंत्र आणि मांजरीनं ओरबाडलं तरी जिवाला धोका. तिथे कोणाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. तिसऱ्यापर्यंत पळवत न्यावं. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत मात्र पाय मोकळे करत चालावं. पाचव्या आवृत्तीचा तक्ताही खरं तर थोडा असाच आहे. दुसरीला ३०० गुण, तिसरीला ९००, मग २,७००, मग ६,५००, आणि पाचवीवरून सहावीला उडी थेट १४,००० वर. आमचं भांडण म्हणजे एवढंच, की मी तिसरीलाच गाडी हळू केली आणि मंडळींना वाटलं बंद पडली.

"आता बहुतेक जण गुण मोजतच नाहीत," मी म्हटलं. "गोष्टीतला मोठा टप्पा आला की डीएम म्हणतो, झाली तुमची लेव्हल. त्याला माइलस्टोन म्हणतात."

"म्हणजे मर्जी."

"नाही हो, गोष्टीच्या गरजेप्रमाणे..."

"मर्जीच. आमच्याकडेही 'शाखेच्या गरजेप्रमाणे' असंच म्हणायचे. ज्याला देतेस त्याला का दिली आणि ज्याला नाही त्याला का नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे. तुमचं भांडण त्याच्यामुळेच झालं. तू गुण मोजतेस का?"

मी गप्प बसले. भिंत कमरेएवढी असली की तोंड लपवायला जागा नसते.

विषय बदलायला मी इतर खेळांकडे वळले. सगळं जग काही लेव्हलवर चालत नाही. १९७७ चा 'ट्रॅव्हलर' आहे, अंतराळातला. त्यात पात्र तयार करतानाच त्याची नोकरी होऊन जाते, चार-चार वर्षांच्या हप्त्यांनी, आणि दर हप्त्याला जगण्याचा फासा टाकावा लागतो. नाही पडला तर खेळ सुरू व्हायच्या आधीच माणूस खलास. आणि जो जगतो तो चाळिशीतला निवृत्त माणूस म्हणून खेळात येतो, पुढे बढतीचं नावच नाही. काकूंना हा खेळ ताबडतोब आवडला. १९८१ चा 'कॉल ऑफ क्थुलू' त्यांना आवडला नाही. त्यात तुम्ही जितकं गुप्त ज्ञान मिळवाल तितकी तुमच्या शहाणपणाची कमाल मर्यादाच खाली येते. बाकीची कौशल्यं सुधारतात, तीही अशी, की एखादं ७० टक्क्यांवर असेल तर शंभराच्या फाशांवर ७० च्या वर पडलं तरच वाढतं. जितका हुशार, तितकं शिकणं अवघड. "हे मात्र खरं आहे," त्या म्हणाल्या. "नव्या कॉम्प्युटरवर सगळ्यात उशिरा कोण शिकलं? हेड कॅशियर."

"आणि एक आहे 'पेंड्रॅगन'. ग्रेग स्टॅफर्डनं केलेला, १९८५ चा. राजा आर्थरचे सरदार. त्यात एका खेळात एक मोहीम, आणि ती झाली की गोष्टीतलं वर्ष संपतं. मग हिवाळा. हिवाळ्यात जमिनीचं उत्पन्न बघायचं, लग्न करायचं, मूल झालं का, जगलं का, घोडा जगला का, ते फाशांवर बघायचं. पस्तिशीनंतर दर हिवाळ्यात म्हातारपणाचा फासा. हात कापायला लागतात, ताकद जाते."

"मग?"

"मग मुलगा. तुम्ही त्याला घेऊन खेळता. त्याला बापाच्या कीर्तीचा काही वाटा मिळतो. या खेळाची एक मोठी मोहीम छापलेली आहे, २००६ मध्ये आली. इसवी सन ४८५ पासून ५६६ पर्यंत. ऐंशी वर्षं. आजा, बाप, नातू."

काकू काही बोलल्या नाहीत. भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. इकडे त्रेसष्ट दिवस आणि तिकडे ऐंशी वर्षं. आणि टेबलापाशी बसणाऱ्याला दोन्ही खेळ सारखेच पडतात. तीन-चार तास, चहा, फरसाण. पेंड्रॅगनमध्ये बढती हळू वाटत नाही, कारण दोन खेळांमध्ये सून आलेली असते. माझ्या मंडळींना लेव्हल हवी होती असं मला वाटत नाही. काहीतरी पुढे सरकायला हवं होतं. आणि गेले कित्येक रविवार मी त्यांना एकाच गुहेत फिरवत होते.

"मी येऊ का गं खेळायला?"

मला वाटलं थट्टा करतायत. "खरंच?"

"रविवारी ह्यांची मॅच असते. पण मी पहिलीपासून बसणार नाही. सगळे तिसरीत आणि मी पहिलीत, सेवाज्येष्ठता म्हणून काही आहे की नाही?"

"काकू, तोटा नाही होणार. जुन्या तक्त्यात तीच तर गंमत आहे. समजा बाकीचे योद्धे सातव्या लेव्हलला आहेत, ६४,००० गुणांवर. आठवीला लागतात १,२०,०००. म्हणजे त्यांना आणखी ५६,००० मिळवायचे. तुम्ही शून्यापासून आलात आणि त्यांच्याबरोबरीनं वाटा घेतलात, तर ते आठवीला पोचतील तेव्हा..."

"माझ्याकडे ५६,०००. बत्तीसच्या वर, चौसष्टच्या खाली. सहावी!"

"एका मोहिमेत एकापेक्षा जास्त लेव्हल चढू देऊ नये असंही सुचवलंय. तरी ते एक पायरी चढेपर्यंत तुम्ही पाच चढता."

"तोवर जगले तर."

"तोवर जगलात तर."

दुप्पट-दुप्पट वाढणारा तक्ता दुष्ट दिसतो, पण उशिरा आलेल्याला तो फार सांभाळून घेतो. नव्यानं आलेला माणूस दर खेळाला चढतो आणि जुने वरच्या पायरीवर बसून त्याची वाट बघतात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या टेबलावर माणसं येत-जात राहणार हे गायगॅक्सला ठाऊक होतं. आमच्या ग्रुपमध्ये शेवटचा नवा माणूस कधी आला हे मला आठवावं लागेल.

"ठीक आहे, पहिलीपासून," काकू म्हणाल्या. "पण गुण जुन्या पद्धतीनं. सोन्यावर. आणि लेखी. दर रविवारी पान भरायचं."

"चालेल. योद्धा घेता की पुजारीण?"

"छे! चोर."

"तुम्ही? बँकेतल्या?"

"सगळ्यात कमी गुणांत बढती, समोरून लढायचं नाही, आणि संधी असून माल उचलला नाही तर शेरा खराब. अशी नोकरी मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. आणि त्या मुलांना सांगून ठेव, ट्रोलच्या अंगाला हात लावायचा नाही. नाण्यांची वाटणी मी करणार. पावतीवर सही घेऊन."